सकाळी सेल्फ जड जातोय? नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझी पेट्रोलवरची छोटी गाडी साडेचार वर्षांची आहे, हाताने गिअर टाकायची. बॅटरी गाडीबरोबर आलेलीच, ३५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची. ऑफिस जवळ असल्यामुळे गाडी आठवड्यातून दोनदाच निघते, तीही मुलीला क्लासला सोडण्यापुरती, तीन-चार किलोमीटर. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन कसंबसं फिरतं; दुपारी मात्र पहिल्या फटक्यात सुरू होतं. दोनदा डॅशबोर्डवरचं घड्याळ आपोआप शून्यावर गेलेलं दिसलं. मागच्या सोमवारी तर नुसतं ‘टकटकटक’ झालं आणि गाडी गप्प. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर लावून सुरू केली. चालवताना बॅटरीचा लाल दिवा लागत नाही, आणि बॅटरीवरची गोल खिडकी हिरवी दिसते. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली, नवीन टाका. बॅटरीवाला म्हणतो आधी डायनॅमो बघून घ्या. गेल्या वर्षी बसवलेल्या डॅशकॅमशिवाय गाडीत बाहेरचं काही नाही. नाताळच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन गणपतीपुळ्याला जायचंय. बॅटरी खरंच गेली आहे का, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर

निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. डायनॅमो, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बहुधा ठीक आहे, बॅटरी अशक्त झाली आहे, आणि तिला अशक्त करण्यात त्या डॅशकॅमचा हात असावा अशी दाट शंका आहे. बॅटरी कायमची गेली आहे की नुसती उतरली आहे, हे मात्र पत्रावरून सांगता येणार नाही. त्यासाठी मीटर लावावा लागेल. घाईने नवीन बॅटरी टाकलीत आणि उभ्या गाडीतली करंटची गळती तशीच राहिली, तर नवीनही वर्षभरात याच वाटेने जाईल, आणि तेव्हा वॉरंटीवरून दुकानदाराशी वाद घालत बसावं लागेल.

आधी तुम्ही लिहिलेल्या खुणा घेऊ.

सेल्फ जड होणं ही सगळ्यात लवकर दिसणारी आणि सगळ्यात भरवशाची खूण. छोटं पेट्रोल इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर दीडशे-दोनशे अँपिअर ओढते, डिझेलला याहून बरंच जास्त लागतं. दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. म्हणजे जी बॅटरी दिवे आरामात पेटवते, तिच्यात इंजिन फिरवण्याचा दम असेलच असं नाही. ‘दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली’ हे म्हणूनच खरं धरू नका.

सकाळी जड आणि दुपारी हलकं, याचं कारण थंडी. नाशिक-निफाडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो. तेवढ्या गारठ्यात इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. मागणी वाढते, पुरवठा घटतो. पण थंडीने बॅटरी मारलेली नसते, फक्त तिचं दुखणं उघडं पाडलेलं असतं. खरी झीज उन्हाळ्यात होते. बॉनेटखालच्या उष्णतेने पाणी उडतं, प्लेटांच्या शिशाच्या जाळ्या गंजतात. ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज जवळपास दुप्पट होते. नागपूर-चंद्रपूरकडे बॅटऱ्या कमी टिकतात त्या यामुळेच. मे महिन्यात झालेलं नुकसान डिसेंबरात दिसतं, एवढंच.

‘टकटकटक’ हा आवाज नीट ऐकण्यासारखा आहे. किल्ली फिरवली की सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरचा चुंबकी स्विच, खेचला जातो, मोटरला करंट मिळतो, मोटर करंट ओढताच अशक्त बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतो, सोलेनॉइड पुन्हा खेचला जातो. सेकंदाला अनेकदा हेच चालू राहतं. ही भराभर होणारी टकटक जवळपास नेहमी उतरलेल्या बॅटरीची किंवा ढिल्या-गंजलेल्या टर्मिनलची असते. याउलट एकच जाड ‘टक्’ झालं, दिवे लख्ख राहिले आणि इंजिन हललंच नाही, तर संशय स्टार्टरवर न्या: झिजलेले कार्बन ब्रश, सोलेनॉइडचे जळलेले पॉइंट. इंजिन झपझप फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीचा काही संबंध नाही. पेट्रोल, स्पार्क किंवा इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) बघावा लागेल.

घड्याळ शून्यावर जाणं म्हणजे सेल्फ मारताना व्होल्टेज इतका खाली गेला, की घड्याळाची मेमरीसुद्धा टिकली नाही. टर्मिनल ढिलं असलं तरी हेच होतं, म्हणून मीटर आणण्याआधी दोन्ही टर्मिनलं हाताने पिळून बघा. हाताने हलत असतील तर निम्मा प्रश्न १० नंबरच्या पान्याने सुटेल.

लाल दिवा आणि हिरवी खिडकी, या दोघांनी तुम्हाला उगाच निश्चिंत केलंय. लाल दिवा बॅटरीची तब्येत सांगतच नाही. डायनॅमोकडून चार्जिंग येत नसेल तर तो पेटतो. तो पेटत नाही याचा अर्थ चार्जिंग बहुधा होतंय, बाकी काही नाही. हिरवी खिडकी म्हणजे आत एक तरंगणारी गोळी असते, आणि ती बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी, म्हणजे सेलपैकी, फक्त एकाच सेलमधल्या अ‍ॅसिडची घनता दाखवते. उरलेल्या पाचांपैकी एखादा मेला असला तरी खिडकी हिरवीच राहील. ती काळी झाली तर चार्ज कमी, पांढरट किंवा पारदर्शक झाली तर पाणी कमी, इतपत ठीक आहे. पण हिरवी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

तुमच्या पत्रात नसलेल्या, पण इतरांना दिसू शकतील अशा काही खुणा: ट्रॅफिकमध्ये उभं असताना हेडलाइट मंद आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उजळ, गाडी सुरू करताना एबीएस किंवा स्टिअरिंगचा दिवा पेटणं आणि थोड्या वेळाने विझणं, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असलेल्या गाडीत ती सोय हळूहळू काम करेनाशी होणं. ही शेवटची खूण चांगली आगाऊ सूचना असते, कारण बॅटरी कमी आहे असं दिसलं की गाडीचा कॉम्प्युटर आधी तीच सुविधा बंद करतो. मात्र एसी जोरात असेल किंवा इंजिन गरम झालेलं नसेल तरी ती बंद राहते, हे लक्षात ठेवा.

दोन खुणांच्या बाबतीत थांबायचं. बॅटरीच्या डब्याच्या बाजू फुगलेल्या दिसल्या, किंवा बॉनेट उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला, तर सेल्फ मारू नका, वायरही लावू नका. हे ओव्हरचार्जिंगचं किंवा आतून शॉर्ट झालेल्या सेलचं लक्षण असतं. आत हायड्रोजन साठलेला असतो आणि एका ठिणगीने डबा फुटून अ‍ॅसिड उडू शकतं. अशी बॅटरी चार्ज करून वापरायच्या लायकीची राहिलेली नसते.

मीटरने तीन आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकलच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल पिन प्लसच्या खुंटीवर, काळी मायनसच्या खुंटीवर. वायरीच्या क्लॅम्पवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच.

पहिला आकडा: विश्रांतीतला. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. बॉनेटचा खटका ओढा, दार लावा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, कारण दार उघडलं की गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात. मग मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली गेली तर उतरलेली. दशांशातले हे फरक किरकोळ वाटतात, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा सगळा कारभार या पाऊण व्होल्टातच चालतो. साडेदहाच्या आसपास आकडा आला आणि चार्ज करूनही तिथेच अडला, तर सहांपैकी एक सेल मेलाय. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. गाडी नुकतीच चालवून आणून लगेच मोजाल तर आकडा खोटा, १२.८ किंवा १३ सुद्धा दिसेल. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, पाच मिनिटांनी मोजा.

दुसरा आकडा: सेल्फ मारतानाचा. हाच सगळ्यात बोलका. कुणालातरी किल्ली फिरवायला सांगा आणि डोळे मीटरवर ठेवा. स्वस्त मीटर पहिल्या क्षणाची बुडी पकडत नाही, पण इंजिन फिरत असताना जो आकडा टिकतो तो पुरेसा आहे. १० च्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. ९.६ च्या खाली गेला, आणि बॅटरी आधी पूर्ण भरलेली होती, तर ती संपत आली आहे. ‘आधी पूर्ण भरलेली होती’ ही अट सोडू नका. १२.१ वर असलेल्या बॅटरीवर ही चाचणी करून तिला नापास ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि बॅटरीच्या दुकानात नेमकं हेच सर्रास होतं.

विश्रांतीत १२.६ आणि सेल्फ मारताना ८, असं कसं होतं, असा प्रश्न पडेल. तोंड चिंचोळं झालेल्या रांजणासारखी गत असते: पाणी काठोकाठ आहे, पण एका दमात बादलीभर ओतता येत नाही. प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक चढले, जाळ्या गंजल्या, की बॅटरीचा आतला रोध वाढतो. थोडा करंट मागा, देते. दोनशे अँपिअर मागितले की कोसळते. म्हणूनच नुसता विश्रांतीतला व्होल्टेज बघून ‘बॅटरी मस्त आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तिसरा आकडा: इंजिन चालू असताना. गाडी सुरू करून खुंट्यांवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. मग एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावा, इंजिन थोडं वर न्या, मिनिटाला साधारण दीड-दोन हजार फेऱ्यांवर. आकडा १३.५ च्या खाली जाता कामा नये. सव्वातेराच्या खालीच घुटमळत असेल तर डायनॅमोचा पट्टा, ब्रश किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळून मारतोय. पाणी वारंवार कमी होण्याचं कारणही तेच. अपवाद एकच: माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या इलेक्ट्रिक मोटरची जोड असलेल्या) आणि काही नव्या बीएस-६ गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे आकडा साडेबारापासून पंधरापर्यंत उड्या मारतो आणि तो बिघाड नसतो.

तुमच्या बॅटरीवाल्याची शंका या तिसऱ्या आकड्याने दोन मिनिटांत मिटेल. पण ती मिटवण्याची एक जुनी पद्धत अजूनही रस्त्यावर दिसते: इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढायची, गाडी बंद पडली तर डायनॅमो खराब. कार्ब्युरेटरच्या काळात हे खपून जायचं. आजच्या गाडीत वायर काढताक्षणी डायनॅमोचा व्होल्टेज उसळी मारतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. दोन-चार हजारांच्या शंकेपायी त्याहून कितीतरी मोठा खर्च अंगावर येईल. कुणी पाना घेऊन पुढे सरसावला तर त्याला हात लावू देऊ नका.

आता डॅशकॅम

तुमच्याच गाडीचा हिशोब मांडून बघा. बंद गाडीतही घड्याळ, लॉक, अलार्म, कॉम्प्युटरची मेमरी यांना थोडा करंट लागतोच. ५० मिलीअँपिअरपर्यंत तो सामान्य धरतात. म्हणजे दिवसाला १.२ एएच. नुसत्या तेवढ्यानेही ३५ एएचची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी होते. याउलट एकदा सेल्फ मारायला, दोनशे अँपिअर दोन सेकंद धरले, तरी जेमतेम ०.११ एएच जातात. ‘वारंवार सेल्फ मारून बॅटरी उतरते’ असं लोक म्हणतात, पण उभ्या गाडीचा एक दिवस दहा सेल्फइतकं खातो.

यात पार्किंग मोड असलेला, थेट फ्यूजबॉक्समधून वायर घेतलेला डॅशकॅम घाला. असा कॅमेरा गाडी बंद असतानाही चालू राहतो आणि पाव अँपिअरच्या आसपास घेतो. दिवसाला ६ एएच. तीन दिवसांत १८, म्हणजे तुमची निम्मी बॅटरी. आणि परत काय मिळतं? चार किलोमीटरच्या फेरीत, बारा-पंधरा मिनिटांत, तेही हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना, तीनेक एएच पदरात पडले तरी खूप झाले. अशी बॅटरी वर्षभर अर्धपोटी राहते. १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली, की प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं आणि मग चार्ज करूनही पूर्ण विरघळत नाही.

तुमचा कॅमेरा यातला आहे का, हे बघणं सोपं आहे. गाडी लॉक करा, अर्ध्या तासाने काचेतून पाहा. त्याचा बारीक दिवा चालूच असेल तर तो बॅटरी खातोय. तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर असेल तर गाडी बंद करून त्या सॉकेटमध्ये मोबाइल चार्जर लावून बघा. काही गाड्यांत ते सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं. पार्किंग मोड हवाच असेल, तर कमी व्होल्टेजला कॅमेरा बंद करणारी सेटिंग १२.४ वर ठेवा. काहींत तिथे ११.८ सारखा आकडा ठेवलेला असतो. तेवढ्यावर पोहोचेपर्यंत बॅटरीत राहिलेलंच काही नसतं.

गेलेली की उतरलेली

याचा निकाल लावायला चोवीस तास आणि एक चार्जर पुरतो. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. गल्लीतल्या बॅटरीवाल्याकडे हे होतं. त्याला सांगायचं, की करंट एएचच्या एक दशांश ठेव: ३५ एएचला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. ‘दोन तासांत भरून देतो’ म्हणणारा जास्त करंट सोडून प्लेटा तापवतो. झाकणं असलेली बॅटरी असेल तर आधी पाणी बघा. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. आरओचं पाणी चालत नाही, एसीतून गळणारं पाणीही चालत नाही, आणि अ‍ॅसिड तर कधीच टाकायचं नाही. पाणी उडतं, अ‍ॅसिड आतच राहतं.

चार्ज झालेली बॅटरी पाच-सहा तास तशीच ठेवून मोजा. १२.६ च्या आसपास आली तर गाडीत ठेवा, पण मायनसची वायर जोडू नका. चोवीस तासांनी पुन्हा मोजा. वायर सुटी असूनही आकडा १२.४ च्या खाली घसरला, तर दोष बॅटरीच्या पोटात आहे, बदला. आकडा टिकला, तर वायर जोडा, गाडी लॉक करा आणि आणखी एक दिवस उभी ठेवा. आता घसरला, तर बॅटरी नाही, गाडीच करंट खाते आहे. पहिला संशयित कॅमेरा. त्यानंतर डिकीतला न विझणारा दिवा, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला स्टिरिओ. हे सापडत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन मायनसच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावून एकेक फ्यूज काढत शोधून देतो.

दोन्ही दिवस आकडा टिकला, तर सेल्फची चाचणी करा. १० च्या वर राहिला तर तुमची बॅटरी अजून कामाची आहे, नुसती उपाशी होती.

दुकानात हातात मावणाऱ्या मशीनवर सीसीए मोजून देतात, तीही चांगली चाचणी आहे. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांत ३० सेकंद बॅटरी किती अँपिअर देऊ शकते तो आकडा, आणि तो लेबलवर छापलेला असतो. मशीनमध्ये तोच आकडा आणि तेच मानक, म्हणजे एसएई, ईएन, डीआयएन की जेआयएस, भरलंय का हे स्वतः बघा. चुकीचं मानक भरलं की धडधाकट बॅटरीही नापास होते. छापील आकड्याच्या ७० टक्क्यांच्या खाली मोजमाप आलं तर बॅटरीचे दिवस भरत आले. चिठ्ठीवर ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ आलं, तर तसंच करा. तो बॅटरी बदलण्याचा आदेश नाही.

टर्मिनलं

पैसे खर्च करण्याआधी ही साफ करा. खुंटीवर पांढरं किंवा निळसर-हिरवं फूल चढलेलं असेल तर चांगली बॅटरीसुद्धा सेल्फला करंट पोहोचवू शकत नाही. मीटरने खातरजमा होते: एक पिन खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीच्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो सांधा करंट अडवतोय. आधी मायनस काढा, मग प्लस. जोडताना उलट, प्लस आधी. कारण मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, सेलची झाकणं घट्ट असू द्या, पुसून पूर्ण कोरडं करा. क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. बॅटरीची मायनस वायर बॉडीला आणि इंजिनाला जिथे जोडते तो बोल्टही याच वेळी बघा; पावसाळ्यात तो गंजतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पुन्हा वायर लावायची वेळ आली तर

बऱ्याच जणांचा क्रम चुकतो, म्हणून लिहितो. दोन्ही गाड्या बंद आणि एकमेकींना न टेकलेल्या. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा सांधा जोडताना ठिणगी उडते, ती बॅटरीच्या वाफेजवळ उडायला नको. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. वायरी काढताना उलटा क्रम. ऑनलाइन मिळणाऱ्या बारीक वायरी ‘हजार अँपिअर’ लिहिलेल्या असल्या तरी आत तांब्याची तार नावापुरती असते. १६ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

गाडी सुरू झाली, पण वायरी काढताच बंद पडली, तर मात्र तुमचा बॅटरीवाला बरोबर: डायनॅमो चार्ज करत नाहीये. सुरू राहिली तर दारात उभी करून फुरफुरत ठेवू नका. आयडलवर डायनॅमो फार कमी देतो. मुंबई-आग्रा हायवेवर तास-दीड तास चालवून आणा. तेवढ्यानेही ती पूर्ण भरणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सेल्फ मारण्यापुरती भरेल.

धक्का मारून सुरू करणं तुमच्या गाडीत शक्य आहे, ऑटोमॅटिकमध्ये नाही. पण बॅटरी ठार उतरलेली असेल तर पेट्रोल पंप आणि इंजेक्टरलाही करंट नसतो, मग कितीही ढकला. शिवाय पेट न घेतलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होऊ शकतो. शेवटचा उपाय म्हणूनच ठेवा.

गणपतीपुळ्याचं विचारलंत. रोज तास-दोन तास चालणारी गाडी लंगड्या बॅटरीवरही बहुधा दगा देत नाही. दगा देते ती पोहोचल्यावर दोन दिवस हॉटेलच्या आवारात उभी राहिली की. म्हणून चार्जिंग आणि चोवीस तासांची चाचणी निघण्याच्या आठवडाभर आधी उरका. सेल्फ मारताना आकडा ९.६ आणि १० च्या मधे अडकला, तर आमचा कौल सरळ आहे: साडेचार वर्षं झालेल्या बॅटरीवर सासूबाईंना घेऊन घाट उतरू नका, बदला. आपल्या हवामानात तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं नेहमीचं आयुष्य आहे, तिने तुमचे पैसे फेडले आहेत. १० च्या वर राहिला तर जाऊन या, तिथे असताना कॅमेऱ्याची वायर काढून ठेवा, आणि परत आल्यावर पुढच्या हिवाळ्याच्या आधी पुन्हा मोजा.

बदलायचीच झाली तर जुनीवरचा कोड जसाच्या तसा उतरवून न्या. उदाहरणार्थ ३८बी२०एल मधला २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी आणि शेवटचा एल म्हणजे खुंट्यांची बाजू. एलच्या जागी आर आणली तर प्लस-मायनस उलट बाजूला येतात आणि वायर ताणून जोडावी लागते. जास्त एएचची घेऊन फायदा होईल असं नाही. ट्रेमध्ये बसली पाहिजे आणि वरची पट्टी घट्ट आवळली गेली पाहिजे, नाहीतर खड्ड्यांच्या हादऱ्याने प्लेटांवरचा लेप गळतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणाऱ्या प्रकारची बॅटरी असेल तर तीच घ्यायची, साधी टाकली तर ती फार टिकत नाही. उत्पादनाचा महिना विचारा: तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. दुकानातच मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटीत ‘पूर्ण बदलून’ किती महिने आणि ‘प्रमाणात सूट’ किती, हे वेगवेगळं असतं. दोन्ही आकडे आणि विक्रीची तारीख कार्डावर शिक्क्यासह लिहून घ्या. नवी बसल्यावर घड्याळ लावावं लागेल आणि ड्रायव्हरच्या बाजूची आपोआप वर जाणारी काच विसरलेली असेल. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं की तिला पुन्हा आठवतं.

जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाला चार पैसे जास्त देईलही, पण अ‍ॅसिड गटारात ओतून शिसं काढणारे त्यांच्यातच असतात. दुकानदाराला जुन्या बॅटरीची वजावट बिलात वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा.